हिवाळी गव्हाला फुलोऱ्यात बुरशीनाशक कधी फवारावे?

शेतात काही ओंब्यांचा वरचा अर्धा भाग वाळल्यासारखा पांढरा आणि खालचा हिरवा दिसू लागला, की फवारणीची वेळ दोन-तीन आठवड्यांपूर्वीच निघून गेली असे समजावे. हा फ्युजेरियम बुरशीचा ओंबी करपा. पानावरचा तांबेरा किंवा भुरी पहिल्या ठिपक्यावर ओळखता येते आणि तेव्हाही थोडेफार आवरता येते. या रोगात तशी सवलत नाही. पीक डोळ्यांना पूर्ण निरोगी दिसत असतानाच निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला जेमतेम पाच-सहा दिवस मिळतात. म्हणून या लेखाचा मोठा भाग औषधावर नाही, फुलोरा ओळखण्यावर आणि हवामान वाचण्यावर आहे. नवखा शेतकरी चुकतो तोही तिथेच.

सुरुवातीला एक खुलासा. हिवाळी गहू म्हणजे शरद ऋतूत पेरलेला, कडक थंडीत जमिनीलगत दबून राहिलेला आणि वसंतात पुन्हा वाढीला लागलेला गहू. निसवायला, म्हणजे ओंबी बाहेर काढायला, त्याला काही आठवड्यांची थंडी मिळावीच लागते. रब्बी हंगामात पेरतात तो गहू या प्रकारचा नाही, त्यामुळे दोन्हींची वेळापत्रके एकमेकांना लावू नयेत.

रोग ओंबीत शिरतो कसा

फ्युजेरियम ग्रॅमिनिॲरम ही बुरशी मक्याच्या धसकटांवर आणि गव्हाच्या जुन्या काडावर हिवाळा काढते. वसंतात पाऊस आणि ऊब मिळाली की या काडावर निळसर काळे, टाचणीच्या टोकाहून बारीक फोड येतात. त्यातून बीजाणू हवेत फेकले जातात आणि वाऱ्याबरोबर दूरवर जातात. आपल्या शेतात मका नव्हता म्हणून आपण सुटलो, असे होत नाही. शेजारच्या शिवारातले बीजाणूही पुरेसे असतात. मात्र मक्याच्या पाठोपाठ, नांगरट न करता पेरलेल्या गव्हात धोका नक्कीच वाढतो.

बीजाणू ओंबीवर पडले तरी ओंबी फुलेपर्यंत त्यांना आत शिरायला चांगली वाट नसते. फूल उघडते, पिवळे परागकोष, म्हणजे परागाच्या बारीक पिशव्या, बाहेर लोंबतात, आणि त्या मऊ, ओलसर परागकोषांवर बुरशीला पहिले आयते खाद्य मिळते. तिथून ती फुलाच्या आत, मग ओंबीच्या कण्यात आणि कण्यातून शेजारच्या फुलांत सरकते. कणा एका जागी बंद झाला की त्याच्या वरच्या फुलांना अन्नपाणी मिळत नाही. वरचा भाग पांढरा पडतो तो यामुळे. ओलसर हवेत ग्रस्त फुलांच्या बुडाशी फिकट गुलाबी-नारिंगी थर दिसतो. ओळख पटवायला तीच खूण सर्वांत भरवशाची.

नुकसान दोन प्रकारचे. दाणे सुरकुतलेले, खडूसारखे पांढरे आणि हलके राहतात, हे उत्पादनातले नुकसान. दुसरे जास्त गंभीर: बुरशी दाण्यात डिऑक्सिनिव्हॅलेनॉल नावाचे विष सोडते. त्याला थोडक्यात डॉन म्हणतात. अमेरिकेत माणसाच्या खाण्यातल्या तयार गव्हाच्या पदार्थांसाठी सूचित मर्यादा १ पीपीएम, म्हणजे किलोमागे १ मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून प्रक्रिया न केलेल्या साध्या गव्हाची मर्यादा किलोमागे १,२५० वरून १,००० मायक्रोग्रॅमवर आणली. जनावरांत डुकरे या विषाला सर्वांत हळवी; ती चाराच सोडतात. दळून, भाजून हे विष पुरते जात नाही, त्यामुळे खरेदीदार माल परत पाठवतो किंवा दर पाडतो. उशिरा लागण झालेला दाणा दिसायला जवळजवळ चांगला असूनही त्यात डॉन असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

पायरी पहिली: फुलोरा ओळखायला शिका

वाढीच्या अवस्था मोजायला दोन मोजपट्ट्या वापरतात, फीक्स आणि झॅडॉक्स. औषधाच्या लेबलवर यांपैकी एकीचा आकडा असतो. आपल्या कामाच्या अवस्था थोड्याच आहेत.

पोटरी: ओंबी झेंडा पानाच्या, म्हणजे ताटाच्या सर्वांत वरच्या पानाच्या, देठाच्या आवरणात फुगलेली, बाहेर आलेली नाही. फीक्स १०.

पूर्ण निसवण: ओंबी बुडापर्यंत बाहेर आलेली, पण परागकोष एकही दिसत नाही. फीक्स १०.५, झॅडॉक्स ५९.

फुलोऱ्याची सुरुवात: ओंबीच्या मधल्या भागात पहिले पिवळे परागकोष दिसतात. फीक्स १०.५.१, झॅडॉक्स ६१. आपल्याला हवी आहे ती हीच अवस्था.

गहू ओंबीच्या मध्यापासून फुलायला लागतो. मग फुलोरा वर शेंड्याकडे आणि खाली बुडाकडे सरकतो. त्यामुळे शेंड्याकडे पाहून निष्कर्ष काढू नये. ओंबी बोटांत धरून मधला तिसरा हिस्सा पाहावा. पूर्ण निसवण झाल्यापासून पहिला परागकोष दिसेपर्यंत साधारण तीन ते पाच दिवस जातात. उष्ण हवेत हे अंतर दोन दिवसांवर येते, गारठ्यात आठवडाभर लांबते. म्हणून निसवण पूर्ण झाली की शेतात रोज चक्कर हवी, दर दोन-तीन दिवसांनी मारून चालत नाही.

परागकोषाचा रंग पाहायला विसरू नका. ताजा परागकोष पिवळाधमक आणि भरीव असतो. एक-दोन दिवसांत तो पांढुरका पडून वाळतो आणि कुसळांत, तुसांत अडकून बरेच दिवस लोंबत राहतो. नुसते ‘परागकोष दिसताहेत’ म्हणून फवारणीला धावलात आणि ते सगळे पांढरे निघाले, तर तुम्ही सुरुवात चुकवून शेवटाला पोचला आहात. उलट बाजूनेही फसगत होते: दुपारच्या जोरदार वाऱ्याने किंवा सरीने परागकोष झडून जातात आणि फुललेली ओंबी न फुललेली वाटते. अशा वेळी मधल्या एका फुलाचे तूस नखाने अलगद उघडावे. आत परागकोष हिरवट असतील तर फुलायचे बाकी आहे; परागकोष नसतील आणि तळाशी दाण्याची बारीक हिरवी गाठ असेल तर फुलून झाले आहे. पाहणी शक्यतो सकाळी, दव सुकल्यावर करावी.

पायरी दुसरी: मोजा, अंदाज बांधू नका

शेताच्या कडेला उभे राहून घेतलेला अंदाज जवळजवळ नेहमी चुकतो. कडेची झाडे विरळ असतात, त्यांना ऊन जास्त मिळते आणि ती आतल्या पिकापेक्षा एक-दोन दिवस आधी फुलतात. निदान तीस पावले आत जा आणि नागमोडी चालत दहा ठिकाणी थांबा. प्रत्येक ठिकाणी न निवडता दहा मुख्य ताटे धरा. मुख्य ताट म्हणजे झाडाचे सर्वांत उंच, जाड आणि मोठ्या ओंबीचे ताट. शंभर ओंब्यांपैकी किती ओंब्यांच्या मध्यावर ताजे पिवळे परागकोष आहेत ते लिहून ठेवा.

शंभरात पन्नास भरले, की शेत फीक्स १०.५.१ ला आले. तिथून पुढचे पाच-सहा दिवस फवारणीची खिडकी उघडी असते. वीसच्या आसपास असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. उष्ण हवेत वीसचे साठ व्हायला एक दिवस पुरतो.

लवकर फवारण्यापेक्षा दोन-तीन दिवस उशीर परवडतो. हे नवख्याला पटत नाही, पण कारण साधे आहे. ही औषधे ज्या भागावर पडतात तिथे काम करतात आणि थोडीफार वरच्या दिशेने सरकतात. झेंडा पानावर पडलेले औषध चढून ओंबीत जात नाही. पोटरीत असताना किंवा ओंबी अर्धी बाहेर असताना फवारले, तर आत दडलेल्या फुलांवर थेंबही पडत नाही आणि नंतर उघडणारी फुले औषधाविना राहतात. फुलोरा सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी केलेली फवारणी मात्र बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच्या फवारणीइतकीच विष कमी करते. सहाव्या दिवसानंतर फायदा झपाट्याने घसरतो.

असमान फुलोरा: हिवाळी गव्हाची खरी डोकेदुखी

हिवाळी गव्हाचे काही फुटवे शरदात येतात, काही वसंतात. शरदातले आधी निसवतात, वसंतातले मागून. थंडीने काही भाग मारला असेल, पेरणी खोल-उथळ झाली असेल किंवा सखल जागी पाणी साचले असेल, तर एकाच शेतात पोटरी, निसवण आणि फुलोरा तिन्ही एकदम सापडतात. एकच फवारणी सगळ्यांना गाठू शकत नाही.

इथे हिशेब ओंब्यांचा करावा, झाडांचा नाही. ज्या ओंब्यांतून उत्पादनाचा मोठा वाटा येणार आहे, त्यांच्यावर नेम धरावा. बहुतेक शेतांत त्या मुख्य ताटाच्या आणि पहिल्या एक-दोन फुटव्यांच्या असतात. शेत फारच विस्कळीत असेल, तर मुख्य ताटांचा पन्नास टक्क्यांचा दिवस उलटल्यावर आणखी तीन-चार दिवस थांबून फवारावे. तोवर पहिल्या ओंब्या अजून खिडकीत असतात आणि मागच्या बऱ्याच ओंब्या फुलोऱ्यात शिरलेल्या असतात. उशिराच्या बारक्या फुटव्यांसाठी थांबत राहिलात, तर मोठ्या ओंब्या हातच्या जातात.

शेताचे दोन भाग स्पष्ट वेगळे असतील, समजा उंचवट्याचा अर्धा भाग चार दिवस पुढे आहे, तर दोन वेगवेगळ्या दिवशी फवारणे जास्त शहाणपणाचे. यंत्र दुसऱ्यांदा नेण्याचा त्रास आहे, पण औषधाचा खर्च वाढत नाही.

पायरी तिसरी: मागचे दोन आठवडे आणि पुढचे पाच दिवस

अवस्था ‘कधी’ ते सांगते. फवारायचे की नाही ते हवामान सांगते. बुरशीला तीन गोष्टी हव्यात: काडावर बीजाणू तयार व्हायला फुलोऱ्याआधी एक-दोन आठवडे ओलावा, शिरकावाला फुलोऱ्यात सलग ओल किंवा दमट हवा, आणि ऊब. साधारण १५ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये लागण होते. २४ ते २९ अंश आणि त्यात ४८ ते ७२ तासांची ओल हे तिला सर्वांत मानवणारे वातावरण.

पाऊस किती मिलिमीटर पडला यापेक्षा ओंबी किती तास ओली राहिली हे महत्त्वाचे. एका तासात धो-धो पडून लख्ख ऊन आणि वारा आला, तर ओंबी दोन तासांत कोरडी होते. उलट नुसते ढग, रिमझिम, रात्रभर दाट दव आणि सकाळी दहापर्यंत धुके असे तीन दिवस गेले, तर पर्जन्यमापक जवळजवळ रिकामा असूनही धोका मोठा असतो. नव्या लोकांचा गोंधळ इथे हमखास होतो: पाऊस नाही म्हणून ते निश्चिंत राहतात.

अमेरिकेत विद्यापीठांनी मिळून चालवलेला फ्युजेरियम जोखीम नकाशा आहे. फुलोऱ्याआधीच्या दिवसांतली आर्द्रता आणि जातीची प्रतिकारशक्ती यांवरून तो धोका कमी, मध्यम किंवा जास्त असा रंगाने दाखवतो. अनेक गहू-प्रदेशांत असे नकाशे मिळतात आणि ते जरूर पाहावेत. पण नकाशा मोठ्या पट्ट्याचा असतो. नदीकाठचे, झाडांनी वेढलेले, वारा न खेळणारे शेत नकाशापेक्षा एक पायरी जास्त धोक्यात धरावे. फुलोऱ्याचा दिवस तुमच्या शेताचा टाका. सरासरी तारीख टाकलीत तर उत्तरही सरासरीच येईल.

पायरी चौथी: सगळे एकत्र मांडून ठरवा

जात आधी पाहा. या रोगापासून पूर्ण मुक्त असा गहू अजून नाही, पण मध्यम प्रतिकारक जाती आहेत. चीनच्या सुमाई ३ या जातीतून आलेला एफएचबी१ हा जनुक अनेक पैदासकारांनी वापरला आहे. तो असलेल्या जातींत रोग एका फुलातून शेजारच्या फुलांत सावकाश पसरतो. बियाण्याच्या पुस्तिकेत ओंबी करप्यासाठी वेगळा शेरा असतो. पानावरच्या रोगांचा शेरा पाहून समाधान मानू नका. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

रोगाला बळी पडणारी जात, मक्यानंतरचे शेत आणि दमट अंदाज असे तीनही जुळले, तर फवारणी करायचीच. विचार फक्त दिवसाचा. बळी पडणारी जात, पण दोन आठवडे कोरडे गेलेत आणि पुढचे पाच दिवसही कोरडे आहेत, तर थांबावे. मात्र यंत्र आणि औषध तयार ठेवावे, कारण अंदाज फिरू शकतो आणि खिडकी तोकडी आहे. मध्यम प्रतिकारक जात आणि कोरडे हवामान असेल, तर या रोगासाठी फवारू नये. मध्यम प्रतिकारक जात आणि ओले हवामान हा नाजूक प्रसंग. अशा वेळी आमचे मत फवारणीच्या बाजूचे आहे, कारण प्रतिकारक जात आणि वेळेवर फवारणी यांची जोडी मिळून जे संरक्षण देते, ते दोहोंपैकी कोणी एकटे देत नाही. एकट्या फवारणीकडून रोग आणि विष साधारण निम्मे कमी होण्याची अपेक्षा धरावी. त्याहून मोठे वचन कोणी देत असेल तर सावध राहा.

झेंडा पानावर तांबेरा किंवा करप्याचे ठिपके चढत असतील, तर तेही विचारात घ्या. फुलोऱ्यातली फवारणी झेंडा पानालाही वाचवते, आणि कधी कधी एवढ्यावरच तिचा खर्च निघतो.

पायरी पाचवी: औषध निवडताना

या रोगावर उपयोगी पडतात ती मुख्यतः ट्रायझोल गटातली औषधे. प्रोथिओकोनॅझोल आणि मेटकोनॅझोल यांचे काम चांगले. टेब्युकोनॅझोल एकटे वापरले तर मध्यम, आणि प्रोपिकोनॅझोल एकटे तर कमकुवत. पिडिफ्लुमेटोफेन हे वेगळ्या गटातले नवे औषध प्रोपिकोनॅझोलच्या जोडीने येते आणि चांगल्यांच्या पंक्तीत बसते.

अंदाज यावा म्हणून अमेरिकी लेबलवरच्या मात्रा हेक्टरी रूपांतर करून देतो. प्रोसारो, म्हणजे प्रोथिओकोनॅझोल अधिक टेब्युकोनॅझोल: सुमारे ४७५ ते ६०० मिली. कॅरंबा, म्हणजे मेटकोनॅझोल: सुमारे १ ते १.२५ लिटर. मिराव्हिस एस, म्हणजे पिडिफ्लुमेटोफेन अधिक प्रोपिकोनॅझोल: सुमारे १ लिटर. दुसऱ्या देशात त्याच नावाच्या डब्यातली तीव्रता वेगळी असू शकते, म्हणून हातातल्या डब्याचे लेबल तेच खरे. ओंबी करप्यासाठी मात्रेचा खालचा आकडा निवडून काटकसर करू नये. पानांच्या रोगाला पुरणारी मात्रा इथे तोकडी पडते.

स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधे, म्हणजे ॲझॉक्सिस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन आणि त्यांची भावंडे, ओंबी बाहेर पडल्यानंतर वापरू नका. ट्रायझोलबरोबर मिसळून आलेली असली तरी नको. पान हिरवेगार राहते, शेत देखणे दिसते, पण दाण्यातले डॉन वाढण्याचा धोका असतो. गोदामात पानांच्या फवारणीतून उरलेला डबा आहे म्हणून तोच संपवण्याचा मोह इथे फार महागात पडतो. डब्यावरचे व्यापारी नाव न पाहता घटकांची यादी वाचायची सवय लावून घ्या.

काढणीपूर्व थांबण्याचा काळही लेबलवर पाहा. प्रोसारो आणि कॅरंबासाठी तो ३० दिवसांचा आहे. फुलोऱ्यापासून काढणीपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे असतात, त्यामुळे फवारणी जितकी लांबेल तितकी ही मर्यादा आवळत जाते.

पायरी सहावी: ओंबीला झाकायचे, पानाला नव्हे

पान आडवे असते, वरून पडलेला थेंब त्यावर बसतो. ओंबी उभी आणि अरुंद असते. सरळ खाली मारा करणाऱ्या नोझलचे बरेचसे औषध तिच्या बाजूने निसटून पानांवर आणि जमिनीवर जाते. म्हणून नोझल तिरके हवेत: एक पुढच्या दिशेला आणि एक मागच्या दिशेला, आडव्या रेषेपासून साधारण ३० ते ४५ अंश खाली झुकलेले. दोन तोंडांचे जोड नोझल मिळते, तेही चालते. एकाच दिशेने मारल्यास ओंबीची पाठ कोरडी राहते आणि रोग तिथून शिरतो.

थेंब मध्यम ते जाडसर, ३०० ते ३५० मायक्रॉनच्या आसपास. फार बारीक थेंब वाऱ्याबरोबर जातात, फार जाड थेंब ओंबीवरून घरंगळतात. बूम, म्हणजे नोझल बसवलेला आडवा दांडा, ओंब्यांच्या वर २० ते २५ सेंटिमीटर. पाणी हेक्टरी ९५ ते १९० लिटर. नव्याने शिकणाऱ्याने १५० च्या खाली जाऊ नये असे आम्ही सांगू. विमानातून फवारणी असेल तर हेक्टरी निदान ४५ ते ५० लिटर.

यंत्राचे मोजमाप असे करा. नोझलचा प्रवाह मिनिटाला लिटरमध्ये काढायचा असेल, तर हेक्टरी पाणी गुणिले ताशी वेग किलोमीटरमध्ये, गुणिले नोझलमधले अंतर मीटरमध्ये, आणि आलेल्या उत्तराला ६०० ने भागा. हेक्टरी १५० लिटर, ताशी १० किलोमीटर, अंतर ५० सेंटिमीटर धरले, तर १५० × १० × ०.५ ÷ ६०० = १.२५ लिटर. जोड नोझल असेल तर हा दोन्ही तोंडांचा मिळून प्रवाह. आता प्रत्येक नोझलखाली मापाचे भांडे अर्धा मिनिट धरा. ६२५ मिली भरायला हवे. दहा टक्क्यांहून जास्त फरक देणारे नोझल बदला, सुईने कोरत बसू नका. भोक वाकडे होते. टाकी २,००० लिटरची असेल तर ती १३.३ हेक्टरला पुरते, आणि हेक्टरी १ लिटर मात्रेच्या औषधाचे त्यात १३.३ लिटर पडतील.

लेबलने सांगितले असेल तर आयनविरहित स्प्रेडर, म्हणजे थेंब ओंबीवर पसरवणारे द्रव्य, ०.१२५ टक्के घालावा. १५० लिटर पाण्याला सुमारे १९० मिली. अर्धी टाकी पाणी, ढवळणी चालू, मग औषध, उरलेले पाणी, आणि स्प्रेडर शेवटी. आधी घातल्यास फेस टाकीबाहेर येतो.

वारा ताशी १५ किलोमीटरच्या पुढे असेल तर थांबा. अगदी वारा पडलेली, धुके जमिनीलगत चिकटलेली पहाटही नको. बारीक थेंब हवेत तरंगत राहतात आणि कुठेही जाऊन पडतात. ओंबीवरून पाणी टपकेल इतके दव असेल तर औषध त्याबरोबर खाली उतरते. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि डोळ्यांचे संरक्षण हवे. फवारलेल्या शेतात पुन्हा शिरण्याआधी बऱ्याच औषधांना १२ तास थांबावे लागते.

पाऊस तोंडावर आला तर

फुलोरा नेमका सुरू झाला आहे आणि दुपारनंतर दोन दिवसांच्या पावसाचा अंदाज आहे, हा प्रसंग वारंवार येतो. जमीन वाहन पेलत असेल आणि पावसाआधी दोन-तीन कोरडे तास मिळत असतील, तर फवारून घ्यावे. ही औषधे वाळल्यावर बऱ्यापैकी टिकतात, आणि त्यांचा उपयोग लागणीआधी ओंबीवर असण्यातच जास्त आहे. अर्ध्या तासात पाऊस येणार असे दिसत असेल तर मात्र औषध वाया घालवू नका. पाऊस दोन दिवसांत उघडला तर तुम्ही अजून खिडकीत आहात. शेत चिखलाने भरले आणि चौथा दिवस उजाडला, तर विमानातून किंवा परवानगी असेल तिथे ड्रोनने फवारणीचा पर्याय लगेच पाहावा. त्या दिवशी सगळ्यांनाच विमान हवे असते, म्हणून विचारणा निसवणीच्या वेळीच करून ठेवलेली बरी.

फवारणी नकळत दोन-चार दिवस लवकर झाली असेल आणि पुढे सगळा फुलोरा ओल्यात जाणार असेल, तर दुसऱ्या फवारणीचा विचार होतो. तिचा खर्च दरवेळी निघतोच असे नाही. शिवाय एका हंगामात एकूण किती औषध चालते याची मर्यादा लेबलवर दिलेली असते; ती आधी पाहा.

फवारणीनंतर

यंत्राच्या एका रुंदीची पट्टी न फवारता सोडा आणि खुंट्या मारून ठेवा. कडेची नको, आतली. नुसत्या ‘यंदा रोग कमी होता’ या आठवणीवरून फवारणीने काम केले की हवामानाने, हे कधीच कळत नाही.

फुलोऱ्यानंतर १८ ते २४ दिवसांनी, ओंब्या अजून हिरव्या असताना मोजणी करा. नंतर सगळेच पिवळे पडते आणि रोगट ओंबी वेगळी ओळखू येत नाही. फवारलेल्या भागात शंभर आणि सोडलेल्या पट्टीत शंभर ओंब्या पाहा. शंभरात २० रोगट असतील आणि त्या वीसांत सरासरी चौथा हिस्सा पांढरा असेल, तर रोगाचा निर्देशांक २० गुणिले ०.२५, म्हणजे ५ टक्के. दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहा; सोबत जात, आधीचे पीक, पन्नास टक्के फुलोऱ्याची तारीख, फवारणीची तारीख आणि तास, पावसाचे दिवस.

निर्देशांक जास्त निघाला तर ते शेत वेगळे कापा आणि वेगळे साठवा; चांगल्या मालात मिसळू नका. कापणी यंत्राच्या पंख्याचा वेग वाढवला की हलके, सुरकुतलेले दाणे भुशाबरोबर मागे उडून जातात. थोडे चांगले दाणेही जातात, पण विषाचा मोठा वाटा त्या हलक्या दाण्यांत असतो. ओलावा १३.५ टक्क्यांच्या खाली आणून ठेवा. तपासणीसाठी नमुना एका जागचा मूठभर घेऊ नका: ट्रॉली भरत असताना पाच-सहा वेळा धारेतून थोडे थोडे दाणे घ्या, एकत्र मिसळा, त्यातले किलोभर कागदी पिशवीत भरा आणि विक्रीचा सौदा ठरण्याआधी डॉनची तपासणी करून घ्या.